माझा अनुभव: तालमीच्या टीममधून रेफ्रीच्या शिट्टीपर्यंत

कोल्हापुरात फुटबॉल खेळणारा पोरगा म्हटलं की तो कुठल्या ना कुठल्या तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या टीमचा असतोच. मीपण एका पेठेच्या टीमकडून बॅकला, म्हणजे बचावात खेळायचो, टीमचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण आता मी रेफ्री आहे आणि ते नाव कुणाच्या डोक्यात राहायला नको. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा २६ वर्षांचा होतो. डॉक्टर म्हणाले पळायला हरकत नाही पण टॅकल (समोरच्याच्या पायातून बॉल काढून घेणं) बंद. शाहू स्टेडियमला गॅलरीत बसून मॅच बघायला लागलो की पोटात कालवायचं, आत जायची सवय लागलेली ना.

तेव्हा एका सिनियर रेफ्रीसरांनी विचारलं, कोर्स लागणार आहे, येतोस का? घरी सांगितलं तर आई म्हणाली, "आरं शिव्या खायला कशाला जातोस?" तिचं चुकत नव्हतं. मी स्वतः खेळताना रेफ्रीला काय काय बोललोय ते मला माहिती होतं.

कोर्स चार दिवसांचा होता, सकाळी ग्राउंड आणि दुपारी थिअरी. नियम सतराच आहेत, पण पंधरा वर्षं खेळून मला त्यातले निम्मेपण धड माहिती नव्हते हे पहिल्याच दिवशी कळलं. उदा. थ्रो-इन (बाजूच्या रेषेवरून हातानं टाकलेला बॉल), गोलकिक (हल्ला करणाऱ्याकडून बॉल गोलरेषेबाहेर गेला की बचाव करणाऱ्यांना मिळते ती) आणि कॉर्नर (बचाव करणाऱ्याला लागून गेला की मिळतो तो) यावरून डायरेक्ट बॉल आला तर ऑफसाइड, म्हणजे बचावाच्या मागं पुढं जाऊन बॉल घेतल्याचा गुन्हा, नसतो, हे ऐकून आमच्या बॅचमधले चांगले सिनियर लीग खेळलेले दोघंजण वाद घालायला लागले. फाउलचं तर डोक्यात पक्कं बसवून घेतलं: नुसता निष्काळजीपणा असेल तर फक्त फाउल, समोरच्याला लागेल याची पर्वाच केली नाही तर यलो कार्ड (ताकीद), आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावून समोरच्याला धोक्यात घातलं तर रेड कार्ड (मैदानाबाहेर). सर क्लिप लावायचे आणि पाच सेकंदात उत्तर मागायचे, एकाच क्लिपला वर्गात तीन उत्तरं यायची. आपण गॅलरीतून किती खात्रीनं ओरडत असतो ते आठवून लाज वाटली.

शिट्टीपण शिकावी लागते हे मला खरंच माहिती नव्हतं. साध्या फाउलला छोटी, पेनल्टीला किंवा मोठ्या फाउलला लांब आणि जोरात. घाबरत मारलेली शिट्टी खेळाडूला लगेच कळते आणि मग तो अंगावर येतो. सरांनी आम्हाला रोज सकाळी अर्धा तास नुसत्या शिट्ट्या मारायला लावल्या.

लेखी पेपर निघाला, फिटनेसला मात्र मी फेल झालो. आधी ४० मीटरचे सहा स्प्रिंट, मग ७५ मीटर पळायचं, २५ मीटर चालायचं, परत पळायचं, असं चार वेळा केलं की ४०० मीटरचा एक राउंड होतो. फिफाच्या पुरुष रेफ्रींना ७५ मीटर १५ सेकंदात आणि २५ मीटर चालणं १८ सेकंदात, असं चाळीस वेळा करावं लागतं, म्हणजे ४ किलोमीटर. आमच्या पातळीला वेळ जरा सैल आणि राउंड कमी, तरी पाचव्या राउंडला पाय उचलेना. तीन महिने रोज पहाटे मैदानात चुन्यानं खुणा करून मोबाईलवर बीप लावून पळलो, आणि दुसऱ्या वेळी पास झालो. फुटबॉल खेळलोय म्हणजे फिटनेस निघेल असं कुणी समजू नका, हे पळणं वेगळं आहे.

पण खरा रेफ्री कोर्समध्ये तयार होत नाही, त्यानंतरच्या पहिल्या दहा मॅचमध्ये होतो. आणि तिथंच निम्मी पोरं सोडून जातात. आमच्या बॅचला आम्ही १८ जण होतो, वर्षाच्या शेवटी मॅच करणारे पाच उरलो.

माझी पहिली मॅच शाळेच्या १४ वर्षांखालच्या पोरांची. थ्रो-इन झाला, बॉल थेट डीजवळच्या (गोलसमोरच्या चौकोनाजवळच्या) एकट्या पोराकडे गेला आणि पालकांकडून एकदम "ऑफसाइड, ऑफसाइड" असा आवाज आला आणि माझ्याकडून शिट्टी गेली. पेपरात हाच प्रश्न बरोबर सोडवला होता! तो पोरगा माझ्याकडे नुसता बघत राहिला, काही बोलला नाही, आणि ते जास्त लागलं. समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्रीकिक (जिच्यावरून थेट गोल होत नाही अशी) मिळाली, खेळ पुढे गेला, पण माझं लक्ष पुढची दहा मिनिटं तिथंच.

हाफटाइमला सर आले. ते सकाळपासून झाडाखाली वही घेऊन बसले होते हे मला माहितीच नव्हतं. रागावले नाहीत. पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "ओरडा ऐकून शिट्टी मारू नको, बघून मार. आणि चूक कळली तर खेळ सुरू व्हायच्या आधी सांगून टाक, तेवढा नियम तुझ्या बाजूनं हाय." सेकंड हाफला मी गोलकिक दिली आणि लगेच लक्षात आलं की बॉल बॅकच्या पायाला लागून गेलाय. कीपर बॉल ठेवत होता तेवढ्यात हात वर करून कॉर्नर दिला. थोडी कुरकुर झाली, कोच म्हणाला ठीक आहे, खेळा. मॅचनंतर सरांनी वहीतलं पान दाखवलं, त्यात माझ्या चुका दोनच लिहिलेल्या, बाकी सगळं मी कुठं उभा होतो त्याच्या आकृत्या. मी बॉलच्या मागं मागं पळत होतो, त्यामुळं लाइन्समनचा (म्हणजे बाजूच्या रेषेवरच्या असिस्टंट रेफ्रीचा) फ्लॅग माझ्या पाठीमागं जायचा. बॉल आपल्या आणि फ्लॅगच्या मध्ये ठेवायचा, म्हणून मैदानात तिरकं पळायचं, हे वर्गात फळ्यावर बघितलं होतं, अंगात त्या दिवशी उतरलं.

पुढच्या सात-आठ मॅचला सर किंवा दुसरं कुणीतरी सिनियर असायचंच. हे नसतं तर मी टिकलो नसतो. कारण पुढं एका खुल्या स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली आणि मॅच संपल्यावर वीसेक पोरं ड्रेसिंग रूमबाहेर जमा झाली, गाडीच्या दोन्ही चाकांची हवा काढलेली. घरी आलो तेव्हा ठरवलं होतं की बास. रात्री सरांचा फोन, आधी विचारलं लागलं नाही ना, मग म्हणाले, झोपायच्या आधी रिपोर्ट लिही. "शिवीगाळ केली" असं लिहू नको, मिनिट लिही, जर्सी नंबर लिही, जो शब्द वापरला तोच लिही. लिहिता लिहिता डोकं शांत झालं, आणि रिपोर्ट पक्का होता म्हणून पुढं कारवाईपण झाली. पेनल्टी बरोबर होती, व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, पण ती चुकली असती तरी कुणाला घेराव घालायचा हक्क नाही, याबाबतीत मी कुणाशीच तडजोड करणार नाही.

आता चौथा सीझन. मानधनात पेट्रोल आणि नाष्टा निघतो, बाकी काही नाही. फिफाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय रेफ्रींच्या यादीत यायला रेफ्रीचं वय कमीत कमी २५ आणि असिस्टंटचं २३ लागतं, तोवर खालच्या सगळ्या पायऱ्या चढून झालेल्या पाहिजेत, म्हणून मी २७ ला सुरू केलं ते त्या हिशोबानं उशिराच. सतरा-अठराव्या वर्षी या. मुलींनी तर नक्की या, गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ ला जॉर्डनमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपला असिस्टंट रेफ्री होत्या.

यंदा आमच्याकडं दोन कॉलेजच्या पोरी आल्यात. त्यातली एक परवा लाइनवर असिस्टंट होती, तिच्या मॅचला मी वही घेऊन बसलो होतो. फ्लॅग घाईत उचलते, बॉलला कोण जातंय ते बघायला एक सेकंद थांबत नाही, पण धावते मात्र अगदी बॅकच्या लाइनीत. रविवारी तिची परत मॅच आहे, सकाळी साडेसातला, मी जाणार आहे.

कुणाला यायचं असेल तर आपल्या जिल्ह्याच्या फुटबॉल असोसिएशनमध्ये पुढचा कोर्स कधी आहे ते विचारा, आणि पळायला मात्र आजच सुरू करा.