चर्च ओस, वाट तुडुंब

स्पेनमधल्या सांतियागोला, सेंट जेम्सच्या समाधीपाशी, पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची ही वाट. बुर्गोस शहर मागे पडलं की मेसेटाचं पठार सुरू होतं. दोन्हीकडे गहू आणि लांबवर एखाद्या चर्चचा मनोरा. गाव आलंच असं वाटतं, पण पोचेपर्यंत तास-दीड तास तंगडतोड. तिथे चर्चला कुलूप. किल्ली शेजारच्या आजींकडे. मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) कधी, विचारलं तर म्हणाल्या, "फादर येतील तेव्हा." एका फादरच्या गळ्यात कितीतरी गावं.

१९७०च्या दशकाअखेर स्पेनमध्ये दहातले नऊ जण स्वतःला कॅथलिक म्हणवत. आता जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक, आणि त्यातलेही बहुतेक मिस्सेला फिरकत नाहीत. २००९पासून चर्चमधल्या लग्नांपेक्षा नोंदणी विवाह जास्त. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत चर्च सत्तेला इतकं चिकटलं होतं, की राजवट गेल्यावर त्याचीही पत उतरली.

सांतियागोची वाट मात्र वाहते आहे. १९८०च्या दशकात वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावचे फादर एलियास वालिन्या रस्ता दाखवणारे पिवळे बाण रंगवत फिरले, तेव्हा चालणारे मोजकेच होते. २०२३मध्ये चार लाख चाळीस हजारांहून जास्त जण पोचले.

माझ्यासोबत एक जर्मन गृहस्थ होते. तिकडे चर्चच्या सभासदाला आयकराच्या आठ-नऊ टक्के चर्च-कर बसतो. नको असेल तर रीतसर नाव काढायचं. २०२२मध्ये पाच लाखांवर कॅथलिकांनी ते काढलं, त्यात हेही होते. कराचं निमित्त, खरा राग पाद्र्यांनी केलेल्या बालशोषणाचा आणि ते झाकणाऱ्या बिशपांचा.

"श्रद्धा आहे, संस्था नको," हे वाटेवर पावलोपावली ऐकू येतं. मला ते पटत नाही. कारिओन दे लोस कोंदेसला ऑगस्टिनियन सिस्टर्सच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो. संध्याकाळी त्या आमच्यासोबत गायल्या, मग एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. संस्था नको म्हणणारे रांगेत पुढे होते (मीही होतेच). नव्या मुली मठांत येईनाशा झाल्यावर हे कोण करणार?

सांतियागोच्या कार्यालयात विचारतात, यात्रा कशासाठी? कारण धार्मिक किंवा आध्यात्मिक असेल तरच 'कॉम्पोस्तेला' हे यात्रेचं लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळतं. नाहीतर वेगळं प्रमाणपत्र. जर्मन गृहस्थांनी बेधडक 'धार्मिक' निवडलं. मी पाहतच राहिले.

"इथे कर नाही," ते म्हणाले.