कयाकमध्ये कंबर धरते, ती पायांमुळे

गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला डोंग्यातून जाळं टाकणारा माणूस बसतो, उठतो, वाकतो. कयाकमधला, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद नावेतला, गळवाला मात्र तासन्‌तास एकाच बैठकीत अडकून पडतो. कंबर धरली की बहुतेक जण पाठीला जाडजूड टेकू विकत आणतात. तो पैसा वाया जातो, कारण दुखण्याचं मूळ पायांत असतं.

पाय सरळ पसरले की मांडीमागचे स्नायू ताणले जातात, कमरेखालचं हाड मागे ओढतात आणि पाठीला पोक येतो. म्हणून आधी पायटेकू लावा. तळपाय टेकल्यावर गुडघ्याखालून बंद मूठ सहज गेली पाहिजे. गुडघे त्याहून फार वर आले तर वल्हं त्यांना घासतं. पाय ते टेकवायच्या खाचेपर्यंत पोचत नसतील तर तिथे फोमचा ठोकळा बसवा, पण पाय कशालाही बांधू नका.

मग बैठक. योगा मॅटची घडी घालून ती दीड-दोन इंच उचला. स्पंज नको, तो पाणी पितो. पुढची कड मांडीत रुतली की पायाला मुंग्या येतात; तेवढी कड दाबून बसवा. बैठक उंच झाली की कयाक जास्त डुलते, तेव्हा लाइफ जॅकेट घालून आधी काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात बसून पाहा. जॅकेटचा मागचा फोम खालपर्यंत असेल तर तो टेकूवर आदळून तुम्हाला पुढे ढकलतो. मागून आखूड असलेलंच घ्या. मागच्या खिशातलं पाकीटही काढा.

सगळ्यात वाईट म्हणजे मागे वळून डबा काढणं. गळ, पकड, पाणी सगळं दोन पायांच्या मध्ये ठेवा. बुडीत झाडांच्या खुंटांत नांगर अडकला तर बसल्या जागी वाकून हिसके देऊ नका. कंबर जाते आणि कयाकही उलटते. टाकला त्याच्या उलट दिशेला वल्हवत जा, मग नांगर सोडवा. तरी निघाला नाही तर दोरी कापा.

वीस-पंचवीस मिनिटांनी सरकून बसा. सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वर उघड्यावर बसायची कयाक असेल तर दोन्ही पाय दोन बाजूंनी पाण्यात सोडा. काठाला लागल्यावरही तसंच बसून मिनिटभर घोटे फिरवा, वल्ह्याने गाळ किती आहे ते चाचपा आणि मगच उभे राहा. बधिर पाय गाळात रुतला की माणूस पडतो. बाहेर आल्यावरही बधिरपणा जात नसेल किंवा कळ गुडघ्याखाली उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.