तुम्ही विचारलंत म्हणून: तो आवाज देवाचाच, हे कशावरून?

ऑफिसात चहाच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो. आमच्या चर्चमधली कॉलेजची मुलंही विचारतात, फक्त जरा हळू आवाजात. "तुमच्यात सारखं म्हणतात, प्रभू माझ्याशी बोलला. तो प्रभूच होता, तुमचंच मन नव्हतं, हे कशावरून?"

कानांनी मला कधीच काही ऐकू आलेलं नाही, हे आधी सांगून टाकते. बायबलमधलं वचन वाचताना एखाद्या ओळीवर अडायला होतं, प्रार्थनेत एकच विचार पुन्हा पुन्हा येतो, एवढंच. त्यामुळे गल्लत व्हायला भरपूर वाव. म्हणून मी बघते, आवाज कोणाबद्दल बोलतोय. शेजारणीचा स्वभाव, पाळकांच्या मुलाचं वागणं, कुणी लग्नात केलेली उधळपट्टी, असल्या विषयांवर जो खुलून बोलतो तो बहुतेक माझाच. देवाचा असला तर तो मला कामाला लावतो: तिला फोन कर, त्याचे पैसे देऊन टाक.

आमच्या प्रार्थना सभेत कुणीतरी म्हणतं, "अमक्यांच्या मुलीसाठी माझ्यावर ओझं आहे." म्हणजे तिच्यासाठी प्रार्थना करायची तळमळ. मग ती किती वाजता घरी येते, कोणाच्या बाइकवरून उतरते, सगळं निघतं. डोळे मिटेपर्यंत मुलीचा निकाल लागलेला असतो. प्रार्थना नंतर, उरकल्यासारखी.

अशा वेळी मला शिलोच्या मंदिरातला एली याजक आठवतो. बायबलच्या 'पहिले शमुवेल' या पुस्तकात त्याची गोष्ट आहे. मूल नाही म्हणून हन्ना मंदिरात रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. एली तिच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो आणि ठरवून टाकतो, बाई प्यायलेली आहे. तिला तसं सुनावतोही. इकडे त्याचीच मुलं, हफनी आणि फिनहास, लोकांच्या अर्पणातलं मांस जबरदस्तीने घेतात. त्यांचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन शिजत्या भांड्यापाशी हजर. त्यांना एली बोलतो, पण आवरत नाही. हन्ना मात्र शांतपणे सांगते, मी प्यायलेली नाही, मी दुःखी आहे. आणि म्हातारा लगेच तिला आशीर्वाद देतो. हे मला त्याचं आवडतं.

पुढे तिचाच मुलगा शमुवेल रात्री हाक ऐकून एलीकडे धावतो. तिसऱ्यांदा आल्यावर एलीला उमगतं की हाक कोणाची आहे. तोच पोराला शिकवतो, "बोल, तुझा दास ऐकत आहे" असं म्हण. त्याची नजर तेव्हा मंदावलेली होती.

मी प्रॉटेस्टंट, पण इथे कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाचं नाव घ्यायलाच हवं. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून तो अंथरुणाला खिळला. कोणत्या विचारांनंतर मन कोरडं पडतं आणि कोणत्या विचारांचं समाधान टिकतं, याकडे तो तिथे लक्ष देऊ लागला. त्यातून त्याने पारख करायचे नियम लिहिले. १५४८ मध्ये छापलेल्या त्याच्या साधनेच्या पुस्तकात ते बरेच पुढे येतात. सुरुवातीलाच त्याची सूचना आहे ती वेगळी: दुसऱ्याच्या बोलण्याचा आधी चांगला अर्थ लावून बघ, लागेना तर त्यालाच विचार. एलीने हन्नाला एवढंच विचारायचं होतं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला. मग चूक दिसली तरी गप्प बसायचं?

नाही. शमुवेलाला मिळालेला निरोप दुसऱ्याबद्दलच होता, एलीच्या घराण्याला होणाऱ्या शिक्षेचा. माझ्या कसोटीला हा अपवाद, मान्य. पण पोरगा काय करतो बघा. सकाळपर्यंत पडून राहतो, मग उठून नेहमीसारखी मंदिराची दारं उघडतो. सांगायची त्याला भीती वाटते. एली खोदून विचारतो तेव्हा काहीही न लपवता सगळं सांगतो, ते एलीलाच. आणि एली म्हणतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते तो करो.

म्हणून हल्ली सभेत कुणी असलं ओझं घेऊन आलं की मी विचारते, "तिच्याशी बोललात का?" बहुतेक वेळा विषय बदलतो. एकदोघी मात्र खरंच जाऊन बोलल्या.