मोटरहोमचं पाणी हिवाळ्याआधी कसं काढावं

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या पट्ट्यात राहत असाल, तर मोटरहोमच्या पाण्याचं काम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकून टाका. एका रात्री पारा ३२ अंश फॅरनहाइटला टेकला म्हणून लगेच काही फुटत नाही. पण २० अंशांच्या आसपास चार-सहा तास गेले की धोका खरा, आणि मंडळाच्या दिवाळीच्या धावपळीत हे काम हमखास मागे पडतं.

पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. पेक्सचे, म्हणजे लवचिक प्लास्टिकचे, पाइप थोडे ताणले जातात आणि बहुतेक वेळा वाचतात. तडा जातो तो सांध्यांना, नळातल्या कार्ट्रिजला, पंपाच्या डोक्याला आणि टॉयलेटच्या प्लास्टिकच्या व्हॉल्व्हला. या प्रत्येक ठिकाणी थोडंसं पाणी राहिलं तरी पुरतं. म्हणून आधी पाणी नीट काढायचं, अँटिफ्रीझ (थंडीत घट्ट न गोठणारं द्रव) त्यानंतर. भरपूर पाणी मागे ठेवून वरून अँटिफ्रीझ भरलं, तर ते पातळ होतं आणि मग डब्यावरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

ताज्या पाण्याची टाकी रिकामी करा. ग्रे (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची) आणि ब्लॅक (टॉयलेटच्या मैल्याची) या टाक्याही डंप स्टेशनवर रिकाम्या करून घ्या. लाल-निळ्या, म्हणजे गरम-गार पाण्याच्या, पाइपांच्या टोकाला, गाडीच्या सगळ्यात खालच्या बाजूला दोन ड्रेन असतात, ते उघडा आणि सगळे नळही उघडे ठेवा. वरून हवा आत गेल्याशिवाय खालून पाणी पुरतं उतरत नाही. फिल्टरची कार्ट्रिज काढून टाका. अँटिफ्रीझ तिच्यातून जाता कामा नये.

गिझरकडे मात्र नीट लक्ष द्या. गॅस आणि वीज दोन्ही बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या आणि वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून दाब सोडा. मगच प्लग काढा, नाहीतर कढत पाण्याची पिचकारी थेट अंगावर येते. सबर्बन कंपनीच्या गिझरमध्ये प्लगलाच अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी) जोडलेला असतो. त्याला १ १/१६ इंचाचं सॉकेट लागतं. अ‍ॅटवुडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला नायलॉनचा प्लग असतो, १५/१६ इंचाचा, आणि त्यात अ‍ॅनोड नसतो. रॉड हातात आलाच आहे तर बघून घ्या: तीन चतुर्थांश झिजला असेल तर वसंतात नवा टाका, तोपर्यंत जुनाच टेफ्लॉन टेप गुंडाळून हाताने बसवून ठेवा. त्याआधी गिझरच्या टाकीच्या तळाशी पांढरा चुरा साचलेला असतो, तो पाण्याच्या बारीक धारेने धुऊन काढा.

आता गिझरचे बायपास व्हॉल्व्ह फिरवा, म्हणजे पाइपातलं द्रव गिझरला वगळून पुढे जाईल. हे विसरलात तर ६ किंवा १० गॅलनची अख्खी टाकी अँटिफ्रीझने भरते, म्हणजे निव्वळ पैसे वाया. काही गाड्यांत एकच व्हॉल्व्ह असतो, काहींत दोन किंवा तीन. गिझरच्या मागच्या पॅनलमध्ये वाकून बघावं लागतं. टँकलेस गिझर असेल तर त्याच्या मॅन्युअलशिवाय हात लावू नका, प्रत्येकाची रिकामं करायची पद्धत वेगळी.

अँटिफ्रीझ फक्त आरव्हीचं (मोटरहोमसारख्या गाड्यांचं), गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं घ्या. गाडीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते पिण्याच्या पाइपमध्ये कधीही नको. इथेनॉलवालं स्वस्त मिळतं, पण ते ज्वलनशील असतं आणि रबराच्या सीलना कोरडं पाडतं. डब्यावरचा उणे ५० हा आकडा पाइप फुटण्याचा आहे. गोठून लगदा व्हायला ते बरंच आधी लागतं, शून्य फॅरनहाइटच्या वरच. त्या लगद्याने पाइप फुटत नाहीत, त्यामुळे तो दिसला तरी घाबरू नका. मध्यम गाडीला २ ते ३ गॅलन पुरतात. वॉशिंग मशीन किंवा आइस मेकर असेल तर जास्त लागतं.

ताज्या पाण्याच्या टाकीत ओतू नका. तळाचं पाणी पंपाला उचलता येत नाही, त्यात बरंच अँटिफ्रीझ फुकट जातं. पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला विंटरायझिंग व्हॉल्व्ह (टाकीऐवजी डब्यातून द्रव ओढू देणारा) असेल, तर त्याची नळी थेट डब्यात बुडवा. नसेल तर टी-व्हॉल्व्हचा किट बसवून घ्या, अगदी स्वस्त असतो. पंपाच्या गाळणीची पारदर्शक वाटी आधी उघडून रिकामी करा, तिला तडा गेलेला वसंतापर्यंत कळतच नाही.

खालचे ड्रेन आणि नळ बंद करून पंप सुरू करा. सगळ्यात लांबचा नळ आधी उघडा, गरम आणि गार दोन्ही बाजू गडद गुलाबी धार येईपर्यंत सोडा. मग शॉवर, बाहेरचा शॉवर, टॉयलेटचा फ्लश आणि त्याचा हातातला स्प्रे. बाहेरचा शॉवर राहून जातो, कारण तो कप्प्यात बंद असतो.

आणखी एक जागा, जी बहुतेकजण विसरतात: बाहेरून पाण्याची नळी जोडायचं तोंड. त्यात जाळी आणि आत एक नॉन-रिटर्न (पाणी उलटं जाऊ न देणारा) व्हॉल्व्ह असतो, पंपाचं पाणी तिथपर्यंत येऊन थांबतं. पंप बंद करा, एक नळ उघडून दाब उतरवा, जाळी काढा आणि पेचकसाच्या बोथट टोकाने मधला खिळा हलकेच दाबा. गुलाबी थेंब बाहेर आले की काम झालं. दाब न उतरवता दाबलंत तर सील निसटू शकतो.

कॉम्प्रेसरने हवा फुंकायची असेल तर आधी एक नळ उघडा, मग हवेचा दाब ३० ते ४० पीएसआयच्या आत ठेवा. नुसत्या हवेने पंपाचं डोकं नीट सुकत नाही. कडाक्याच्या थंडीत हवा आणि अँटिफ्रीझ दोन्ही वापरावेत, हे माझं मत. ब्लॅक टँक धुवायची वेगळी लाइन असेल तर तिला मात्र हवाच लागते.

शेवटी प्रत्येक सिंक आणि शॉवरच्या पी-ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या पाइपात) एकेक कप अँटिफ्रीझ ओता, टॉयलेटच्या भांड्यात थोडं सोडा म्हणजे रबराचा सील ओला राहील. गिझरच्या इलेक्ट्रिक स्विचवर चिकटपट्टी लावा: रिकाम्या टाकीत तो चालू केला की हीटिंग एलिमेंट काही सेकंदांतच जळतं.

एप्रिलमध्ये साध्या पाण्याने सगळं धुवा. नंतर टाकीच्या दर १५ गॅलन क्षमतेमागे पाव कप साधं ब्लीच, सुगंधी नको, पाण्यात मिसळून भरा, सगळ्या नळांतून ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा आणि चार तास तसंच राहू द्या. मग वास जाईपर्यंत धुवा. बायपास व्हॉल्व्ह परत फिरवला नाहीत तर गिझर भरणारच नाही, आणि गरम नळातून गारच पाणी येतं म्हणून तुम्ही गिझर तपासत बसाल.