फाईल खराब नव्हती

तिवसा तालुक्यात माझं मोबाईल-कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा पेन ड्राईव्ह घेऊन आला. वडील खंजेरी भजनं म्हणायचे, दहा दिवसांपूर्वी गेले. परवा तेरवी. कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवलेली त्यांची सहा भजनं पुण्याहून आलेल्या मोठ्या भावाच्या फोनमध्ये भरून हवी होती.

"दोन दुकानं फिरलो भाऊ. फाईल खराब झाली म्हनते, डिलीट मारा म्हनते."

भावाचा फोन आयफोन. त्याच्या म्युझिक ॲपमध्ये स्वतःची गाणी ॲपल कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून भरावी लागतात. मी फाईल त्यात ओढून टाकली. काहीच झालं नाही. ना गाणं आलं, ना एरर. पुन्हा टाकली, तेच. मग फाईलचं नाव नीट पाहिलं, शेवटी फ्लॅक, म्हणजे आवाजाच्या फाईलचा एक प्रकार. व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडली तर म्हातारबुवा आधी खाकरले आणि मग खंजेरीवर थाप पडली. पोरगा काउंटर धरून उभाच राहिला.

माझा संताप झाला. फ्लॅक २००१ पासून खुला आहे, वापरायला कुणाला छदाम द्यावा लागत नाही. आवाजातलं काही न टाकता फाईल लहान करायची, एवढंच त्याचं काम. त्या कंपनीचा स्वतःचा लॉसलेस फॉरमॅटही हेच करतो. फुकटातल्या व्हीएलसीला जे जमतं ते यांना जमत नाही असं नाही, करायचं नाही. बरं, नाही घ्यायची तर तसं सांगा तरी! गप्प बसता म्हणून माणसाला वाटतं, आपलीच वस्तू बिघडली. बापाचा आवाज डिलीट होता होता वाचला होता.

"एमपीथ्री करून द्या ना," पोरगा म्हणाला. एमपीथ्री आवाजातलं थोडं टाकून देऊन फाईल लहान करतो. १२८ वर, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटवर, करून ऐकवलं. खंजेरीच्या झांजा ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारख्या वाजल्या, थाप पडायच्या आधीच बारीक सरसर ऐकू येत होती. त्यानं मान हलवली.

"हे बाबाची खंजेरी नाही वाटून रायली."

३२० वर बरीच सुधारते, पण जे एकदा टाकलं ते परत येत नाही. शेवटी कंपनीच्याच लॉसलेसमध्ये सहाही फाईली बदलल्या. त्यात आवाज गळत नाही. मधे दोनदा लाईन गेली, संध्याकाळ झाली.

मूळ फाईली तशाच ठेवल्या. पेन ड्राईव्हला चिकटपट्टी लावून त्यावर पेनानं लिहिलं: बाबांची भजनं. चांगली आहेत. डिलीट करू नये.