दार उघडण्याआधी तापणारी खोली

फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांचा ऐन हंगाम. पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातल्या पॅकहाऊसवाल्यांना तेव्हा मान वर करायला फुरसत नसते, आणि त्यांच्या शीतगृहांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या आम्हा सातपूरच्या मंडळींनाही नसते. २०२४ च्या फेब्रुवारीत सकाळी सकाळीच एका पॅकहाऊसच्या मॅनेजरचा फोन आला. "साहेब, तुमच्या ग्राफमध्ये दार उघडायच्या आधीच खोली तापायला लागते. भूतबित आहे का काय आत?"

चेष्टेत म्हणाला, पण मुद्दा खरा होता. वॉचमनच्या वहीत दार उघडल्याची वेळ पहाटे ४.१०. आमच्या रिपोर्टात तापमान चढायला लागलं ते ३.४० ला. हा रिपोर्ट परदेशातला खरेदीदार बघतो. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला माल बंद खोलीत कसा काय तापला, असं त्याने विचारलं तर मॅनेजरकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं.

ते शोधलं आमच्या ज्युनियरने. मूळची निफाडची, कॉलेज संपून वर्षही झालं नव्हतं. तिने वहीच्या पानांचे फोटो मागवले, ग्राफ शेजारी लावला आणि मागच्या नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या. "सर, फरक दरवेळी बरोब्बर अर्ध्या तासाचाच आहे. सेन्सर बिघडला असता तर एवढा शिस्तीत बिघडला नसता." दुपारच्या चहापर्यंत मूळ सापडलं. लॉगर, म्हणजे तापमान टिपणारं यंत्र, वेळ नोंदवतो यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत. ती भारतीय वेळेत बदलण्याचं काम एक ओपन सोर्स लायब्ररी करते, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि सुधारता येणारा तयार कोड. त्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत तो भाग कुणीतरी पुन्हा लिहिला होता, आणि आता "+०५:३०" मधले पाच तास धरले जात होते, तीस मिनिटं सोडून दिली जात होती. चाचण्या सगळ्या पूर्ण तासांच्या देशांच्या वेळांवर लिहिलेल्या, त्यामुळे त्या सगळ्या पास, हिरव्यागार. आम्ही ही आवृत्ती नुकतीच चढवली होती.

आमच्याकडच्या प्रतीत दुरुस्ती करून संध्याकाळच्या आत रिपोर्ट पाठवला. पण एवढ्यावर सोडलं असतं तर प्रत्येक नव्या आवृत्तीला हीच डागडुजी पुन्हा करत बसावं लागलं असतं. दुरुस्ती मुळातच जायला हवी होती. योगायोग असा की या लायब्ररीच्या सांभाळकर्त्यांपैकी मी एक आहे. बिनपगारी काम, रात्री जेवण झाल्यावर करायचं. तिने विचारलं, "सर, मी पाठवू?" म्हटलं, तूच शोधलंस, तुझ्याच नावाने जाऊ दे.

बाहेरच्या प्रकल्पाला पाठवलेला तिचा हा पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल. नवं कोरं खातं, शीर्षक "टाइम बग फिक्स", खालचा फॉर्म जवळपास रिकामा, बदल दोन ओळींचा.

रात्री साडेनऊच्या सुमाराला तिच्याकडून व्हॉट्सॲपवर नुसता स्क्रीनशॉट आला. सोबत एक शब्द नाही. आमच्या प्रकल्पातल्या सर्वांत जुन्या माणसाने पॅच बंद केला होता. खाली लिहिलं होतं, त्याचा आशय असा: हा आणखी एक. तुमच्या कॉलेजचा गृहपाठ तपासायला आम्ही इथे बसलेलो नाही. नियम वाचायचे कष्ट नसतील तर दुसरीकडे जा. आणि वर संभाषणाला कुलूप. म्हणजे तिला उत्तरही देता येणार नाही.

हा माणूस दुष्ट नाही, हे मी आजही सांगेन. युरोपात नोकरी करतो, मुलांना झोपवून लायब्ररी बघतो, आणि लायब्ररीचा अर्ध्याहून अधिक गाभा त्याच्या हातचा आहे. तो कशाने विटला होता तेही मला ठाऊक होतं. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ऑक्टोबरभर ओपन सोर्सला हातभार लावायचा उपक्रम. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये चार पॅच पाठवा आणि टी-शर्ट मिळवा अशी योजना होती. तेव्हा टी-शर्टपायी लोकांनी जगभरच्या प्रकल्पांवर "अमेझिंग प्रोजेक्ट" एवढंच जोडलेले पॅच ओतले. शेवटी आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला वेबसाइट बनवायला वापरल्या जाणाऱ्या एक्सप्रेस या ओपन सोर्स प्रकल्पाचं तेच झालं. पॅच कसा पाठवायचा हे शिकवणारा एक व्हिडिओ बघून आपल्याकडच्या पोरांनी त्या नावाजलेल्या प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये, म्हणजे त्याची ओळख करून देणाऱ्या पानात, स्वतःची नावं घालायला सुरुवात केली. तो केर उपसणारी माणसंही फुकटच राबत होती. आमच्याकडेही त्याचे शिंतोडे उडालेच. नवं खातं, भारतीय नाव, रिकामा फॉर्म, दोन ओळी: त्याने कोड उघडलाच नाही.

वैताग कळतो. पण वैतागाचं बिल भलत्याच माणसाच्या नावावर फाडलं गेलं होतं.

मला खरी चीड आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. ऑफिसात आल्या आल्या तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. रात्रीतून प्रकल्पातल्या इतर मंडळींच्या तिला खासगी मेल आल्या होत्या. मनाला लावून घेऊ नकोस, तो तसाच आहे. तुझी दुरुस्ती बरोबर दिसते. सगळ्या मेल गोड. ती म्हणाली, "सर, यांना दुरुस्ती बरोबर दिसली होती, तर तिथेच का नाही लिहिलं?"

काय सांगणार? चारचौघांत उतरवायचं आणि समजूत कानात घालायची, ही आपल्याकडच्या घराघरांतली रीत. या जागतिक म्हणवणाऱ्या कारभारातही ती जशीच्या तशी आहे. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहबने २०१७ मध्ये ओपन सोर्समधल्या लोकांची पाहणी केली होती. स्वतःला वाईट वागणूक मिळाली म्हणणारे १८ टक्के निघाले, दुसऱ्याला मिळताना पाहिली म्हणणारे ५० टक्के. म्हणजे एकाला बोललेलं अनेकजण वाचतात आणि आपला पॅच खिशातच ठेवतात. त्यांना कुणी खासगी मेल पाठवत नाही.

म्हणून मी उत्तर तिथेच, त्या कुलपाखाली लिहिलं. अधिकार होते. वहीतली ४.१० आणि ग्राफमधली ३.४०, दोन्हींचे फोटो लावले. चूक कुठल्या ओळीत आहे ते दाखवलं. वरची टिप्पणी पॅच न वाचता केलेली आहे आणि ती या प्रकल्पाची भाषा नाही, असं लिहून पॅच पुन्हा उघडला.

रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडे संध्याकाळचे सहा, माझ्याकडे साडेदहा. आमच्या दोघांच्या घड्याळांतच साडेचार तासांचं अंतर, तरी अर्ध्या तासाचा विचार चाचण्यांत कुणी केला नव्हता, ही गंमत मला तेव्हा सांगावीशी वाटली. पण त्याचा चेहरा बघून गिळली.

"तू मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस," तो म्हणाला. "मेल करायची होतीस."

"तू तिला मेल केली होतीस?"

मग तो बराच वेळ बोलत राहिला. कोण किती राबतं, कंपन्या लायब्ररी फुकट वापरून वर हक्काने तक्रारी करतात, नवखे येतात आणि दोन दिवसांत गायब होतात. यातलं खोटं काहीच नव्हतं. मी लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीचा जनक लिनस टॉरवाल्ड्सचा विषय काढला. लोकांना शेलक्या शब्दांत झोडपण्यासाठी अनेक वर्षं प्रसिद्ध असलेल्या या माणसाने १६ सप्टेंबर २०१८ ला लिनक्स ४.१९ च्या चाचणी आवृत्तीच्या घोषणेतच माफी मागितली आणि काही काळ बाजूला झाला. झोडपलं होतं सगळ्यांसमोर, माफीही सगळ्यांसमोर. त्यावर तो म्हणाला, "मी लिनस नाही." मग जरा थांबून, "ते ३.४० चं पुन्हा दाखव."

स्क्रीन शेअर केली. त्याने माझ्यादेखत कोड चालवला, एक शिवी हासडली (स्वतःला), आणि पुढच्या पाच मिनिटांत तिच्या पॅचमधली अशी चूक काढली जी ना तिला दिसली होती, ना मला, ना तिला मेल करणाऱ्या कुणाला. तिने मिनिटं जोडली होती, पण उणे चिन्ह फक्त तासांना लागत होतं. कॅनडातलं न्यूफाउंडलंड यूटीसीच्या साडेतीन तास मागे आहे. तिच्या हिशेबाने ते अडीच तासच मागे राहत होतं. कोडमधली खोच हेरावी तर याच माणसाने.

त्याने ती चूक पॅचखाली लिहिली. त्याच्या वर एक ओळ: मी न वाचता बंद केलं आणि जे बोललो ते बोलायला नको होतं. फुलं-पानं काही नाहीत. तिला तेवढं पुरलं. तिने चिन्हाचा घोळ दुरुस्त केला आणि चाचण्यांत न्यूफाउंडलंड घातलं, शिवाय पावणेसहा तासांचं नेपाळही. पॅच आत गेला.

मार्चअखेर एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनाचं प्रकरण फुटलं. ते सांभाळणाऱ्या एकट्या माणसावर २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी दिरंगाईवरून दबाव आणला होता. मदतीला आलेल्या एका नवख्याने चिकाटीने काम करत विश्वास कमावला आणि मग चोरदरवाजा घुसवला. आमच्या जुन्या माणसाने मला लगेच लिहिलं: बघ, तो तर फार सभ्य होता.

मी कळवलं, सभ्य होता हे खरंच. आणि दबाव टाकणारे उद्धट होते हेही खरं. दोन्हीकडून फसवला गेला तो थकलेला एकटा माणूसच. त्यावर आमचं बरंच वाजलं, आणि त्यातून दोन नियम ठरले. नवख्याचा पॅच बंद करायचा तर कोडमधलं कारण लिहायचं. कुलूप लावायचं तर दुसऱ्या एका सांभाळकर्त्याला विचारून. त्याला पहिला नियम अजून जाचतो. दुसऱ्याबद्दल म्हणतो की त्यामुळे रात्रीची झोप बरी लागते, कारण केर आता तो एकटा उपसत नाही.

ती अधूनमधून पॅच पाठवते. मध्यंतरी एकावर त्याने लिहिलं: "चूक. लीप वर्ष बघ." मी तिच्याकडे पाहिलं. "बरोबर आहे सर त्याचं," म्हणत तिने फाइल उघडली.