वार्षिक अहवालातले ‘निरंक’

महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालात लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीसाठी एक रकाना असतो आणि त्यात ‘प्राप्त तक्रारी : निरंक’ असे लिहिण्याची जणू प्रथाच पडून गेली आहे. एका अनुदानित महाविद्यालयाच्या अशा समितीवर मी काही वर्षे काम केले. निरंक लिहिताना तिथे कोणालाही संकोच वाटत नसे. उलट महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे पथक येणार असले की तो आवर्जून सांगण्याचा मुद्दा होई. हजारो विद्यार्थी, वसतिगृह, शैक्षणिक सहल, स्नेहसंमेलन, एन.एस.एस.चे निवासी शिबिर एवढे सगळे असताना वर्षानुवर्षे एकही तक्रार येत नसेल, तर त्या आवारात काही घडतच नाही असे मानायला माझे मन तयार होत नाही. तक्रार कागदावर उतरण्याआधीच ती जिरवण्याची सोय तिथे आहे, असेच मी समजतो.

ही सोय कशी चालते, ते सांगतो. मुलगी पहिल्यांदा बोलते ती तिला जवळच्या वाटणाऱ्या एखाद्या मॅडमशी. मॅडम ते विभागप्रमुखांच्या कानावर घालतात, विभागप्रमुख प्राचार्यांच्या, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या पालकांना बोलावणे जाते. समितीच्या अध्यक्षांना यातले काहीच कळलेले नसते. मग फूलस्केप कागदावर मुलाच्या हातचा माफीनामा तयार होतो. त्याचा मजकूर प्रत्येक वेळी साधारण एकच असतो: ‘माझ्याकडून कळत-नकळत जो प्रकार घडला, त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करतो, यापुढे असे घडणार नाही.’ काय घडले, कुठे घडले, कोणाच्या बाबतीत घडले, यातले काहीही त्या कागदावर नसते. खाली मुलाची सही, वडिलांची सही, ‘समक्ष’ म्हणून एका लिपिकाची सही. प्रकरण जरा अधिक गंभीर असेल, तर मुलाला शांतपणे टीसी काढून घ्यायला सांगतात आणि तो जून महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात कोऱ्या पाटीने दाखल होतो. माफीनामा प्राचार्यांच्या कपाटात राहतो. समितीकडे लेखी अर्ज आलेलाच नसल्यामुळे अहवालातले निरंक तांत्रिकदृष्ट्या खरेच असते.

नियम मात्र अगदी वेगळी वाट सांगतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, तो विशाखा खटल्याचा निकाल ऑगस्ट १९९७ मधला. अनेक प्राध्यापक आजही या समितीला ‘विशाखा समिती’च म्हणतात, मग फलकावर काहीही लिहिलेले असो. त्यानंतर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आला आणि उच्च शिक्षण संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम मे २०१६ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले. त्यांनुसार तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते आणि सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढवता येते. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्या पक्षाकडे जावी, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यावे, चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल संस्थेच्या प्रमुखाकडे पोहोचावा आणि अपील झाले नसेल तर संस्थेने ३० दिवसांत शिफारशींवर कार्यवाही करावी, असे सगळे वेळापत्रक त्यात आखून दिलेले आहे. विद्यार्थी दोषी आढळला तर ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांसारख्या सवलती रोखण्यापासून ठरावीक काळ आवारात प्रवेशबंदी, सक्तीचे समुपदेशन, आणि शेवटी नाव कमी करून पुन्हा प्रवेश नाकारण्यापर्यंत शिक्षा सांगितल्या आहेत. टीसी देऊन पाठवणी करणे ही शिक्षा त्या यादीत नाही. समेटाला परवानगी आहे, पण तो तक्रारदाराने मागितला तरच, आणि पैशाच्या देवघेवीवर तो कधीही बेतता येत नाही. वडिलधाऱ्यांनी दोन तास समजावल्यावर मुलीने हलवलेली मान हा समेट नव्हे.

समितीच्या रचनेबाबतही विनियम स्पष्ट आहेत. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला प्राध्यापक, महाविद्यालयात किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाच्या. सोबत दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली एक बाहेरची व्यक्ती. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्या व्यक्तींना समितीवर बसता येत नाही, कारण संस्थेचा लौकिक सांभाळणे ही त्यांची नोकरी असते. प्रत्यक्षात बाहेरची सदस्य बहुतेकदा संस्थाचालकांच्या ओळखीतली असते, निवडून आलेले विद्यार्थी मी फारसे पाहिलेले नाहीत, आणि फलकावरच्या यादीत बदली होऊन गेलेल्या मॅडमचा मोबाइल क्रमांक वर्षभर तसाच राहतो.

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढेल की समितीने जरा धडाडी दाखवली, पटापट निकाल लावले, की काम झाले. गोवा विद्यापीठाचे प्रकरण त्या दृष्टीने प्रत्येक समिती सदस्याने वाचावे. २००९ मध्ये तिथल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने १८ बैठका घेतल्या, पण शेवटच्या टप्प्यात त्या इतक्या लागोपाठ घेतल्या की आजारपणाचे कारण देऊन मुदत मागणाऱ्या त्या प्राध्यापकाची बाजू पुरती ऐकलीच गेली नाही आणि चौकशी एकतर्फी पुढे गेली. बडतर्फी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि मे २०२३ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ‘ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य’ या निकालात ती रद्द करून प्रकरण मे २००९ मधल्या टप्प्यापासून पुन्हा चौकशी करण्यासाठी समितीकडे परत पाठवले. आरोप खरे की खोटे यावर न्यायालयाने मत दिले नाही; चौकशीची रीत चुकली, एवढे त्याला पुरे होते. ज्या मुलींनी विशीत तक्रार केली, त्यांनी पस्तिशीत पुन्हा साक्षीला उभे राहावे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. आरोपीला पुरेसा वेळ देणे ही त्याच्यावरची मेहेरबानी समजणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देत आलो. समितीचा अहवाल शिस्तभंगाच्या कारवाईत चौकशी अहवाल म्हणूनच धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले होते, आणि तेही पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी नेलेल्या याचिकेत. हे वजन पेलायचे तर इतिवृत्त नीट हवे, जबाबांवर तारखा हव्यात, आणि दोन्ही बाजूंना परस्परांचे कागद मिळायला हवेत. कंटाळवाणे वाटले तरी मुलीच्या बाजूने करता येण्याजोगे सर्वांत उपयोगी काम हेच आहे.

दुसरा घोळ शिस्त आणि गुन्हा यांच्यात होतो. समिती कोणाला आवारातून काढण्याची शिफारस करू शकते. बलात्कार झाला की नाही याचा फौजदारी निवाडा ती करू शकत नाही आणि पोलिसांची जागाही घेऊ शकत नाही. तक्रारदार सज्ञान असेल तर पोलिसांत जायचे की नाही हा निर्णय तिचा, आणि ती जाऊ म्हणाली तर तिला मदत करणे संस्थेवर कायद्याने बंधनकारक आहे. ‘आधी आपली चौकशी होऊ दे, मग बघू’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे, आणि दरम्यान वैद्यकीय पुरावा नाहीसा होतो हे ते बोलणाऱ्याला ठाऊक नसते असे मला वाटत नाही. आपल्याकडे वरिष्ठ महाविद्यालयाच्या त्याच इमारतीत अकरावी-बारावीचे वर्ग भरतात, तिथे तर निवडीचा प्रश्नच येत नाही. मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांखालचा असेल, तर बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायचीच असते. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ज्युनियर कॉलेजच्या मुलीचे प्रकरण माफीनाम्यावर मिटवणारे प्राचार्य संस्थेचे नाव वाचवत असतात, पण स्वतःवर गुन्हा ओढवून घेत असतात, हे त्यांना कोणी तरी स्पष्ट सांगायला हवे.

आकडे प्रसिद्ध करण्याची सक्ती केल्याने सगळे सुधारते असाही माझा भाबडा समज नाही. अमेरिकेत १९९० च्या क्लेरी कायद्यानुसार महाविद्यालयांना आवारातल्या गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी जाहीर करावी लागते, आणि तरीही २०१६ च्या आकडेवारीत तिथल्या ८९ टक्के महाविद्यालयांनी बलात्काराची संख्या शून्य दाखवली होती. त्यांचेही निरंकच. फरक इतका की तिथे खोट्या किंवा अपुऱ्या माहितीबद्दल जबर दंड होतो. लिबर्टी विद्यापीठाला २०२४ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे कायद्यातला दंड ५० हजार रुपयांपर्यंत आहे. अनुदान रोखण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्याची धास्ती बाळगणारा संस्थाचालक मला भेटलेला नाही.

प्राचार्यांशी याविषयी बोलताना गोपनीयतेचे कारण हमखास पुढे येते. पीडितेची ओळख उघड करता येत नाही हे खरेच आहे, आणि ते योग्यही आहे. मात्र २०१३ च्या कायद्याच्या ज्या कलम १६ चा आधार घेतला जातो, त्याच कलमाचे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद, म्हणते की नाव, पत्ता किंवा ओळख पटेल असा तपशील न देता मिळालेल्या न्यायाची माहिती प्रसिद्ध करता येते. तेव्हा किती तक्रारी आल्या, किती दिवसांत निकाली निघाल्या, समितीने काय सुचवले आणि संस्थेने काय केले, हे चार रकाने छापायला कायद्याची आडकाठी नाही. शिफारस न मानणाऱ्या संस्थेने त्याची लेखी कारणे समितीला आणि दोन्ही पक्षांना कळवावीत, असेही विनियमात आहे. ती कारणे दिली की नाही, हा पाचवा रकाना मला हवा. आणि नॅकच्या पथकाने महाविद्यालयात आल्यावर समितीची फाइल मागण्याआधी प्राचार्यांच्या कपाटातले माफीनामे मागावेत.